कान झाकल्यावर

हेडफोन कानांवर बसला आणि सात रस्ता चौक बंद पडला. म्हणजे रस्ता चालूच होता की. काचेच्या दाराबाहेर रिक्षा, एसट्या, दुचाक्या, सगळ्यांची आपापली घाई चालू होती, फक्त त्यांचा आवाज कुणीतरी काढून घेतला होता. मी दचकून काउंटर धरला. दुकानदार आदिनाथ हसला, त्यानं मोबाइलवर बोट टेकवलं आणि माझ्या डोक्यात गाणं सुरू झालं. गाणं कसलं, नुसता ठेका. खाड खाड खाड खाड. त्या ठेक्यापलीकडं त्याचं तोंड हलत होतं. "मॅडम, आवाज लई भारी हाय ह्याचा, पण उन्हाळ्यात कानाची भाजी हुईल, आधीच सांगतो." मी म्हटलं, "घामाचं बघून घेईन मी." पुढं वाकून त्यानं माझे दोन्ही कान नीट झाकलेत का ते बघितलं. "गाणं वाजतंय न्हवं?" "वाजतंय की. चांगलं मोठ्यानं वाजतंय." "मग मी बोललेलं कसं ऐकू आलं तुमाला?" आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मला काहीच ऐकू आलं नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही. तो बोलला ते मी बघितलं होतं.

आता हे काय नवीनच! मी गेले होते साध्या कामाला. पुण्याच्या एका कंपनीसाठी मी जुळे सोलापूर भागातल्या माझ्या घरून विम्याचे क्लेम तपासते. त्या आठवड्यात मीटिंगमध्ये आमचा साहेब सुबोध, वयानं माझ्या लेकीपेक्षा थोडासाच मोठा, मला म्हणाला, "दाक्षायणी मॅडम, तुम्ही ओरडता का हो? आमचे कान गेले." स्क्रीनवरची सगळी तोंडं हसली. मीही हसले, "सोलापूरचं पाणी आहे," म्हटलं, आणि माइक बंद करून बसले. राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी काय जन्मजात ओरडणारी बाई नाही. माझा आवाज चढला तो अव्वामुळं. अव्वा म्हणजे माझी आई, चंद्रव्वा. माझ्याकडंच असते. तिचे कान हळूहळू गेले आणि आता तर पारच गेलेत, त्यामुळं तिला काही सांगायचं म्हणजे कामावरून उठायचं, तिच्या उजव्या कानाशी जायचं आणि बोंबलायचं. "अव्वा, चहाऽऽ! अव्वा, गोळीऽऽ!" बोंबलून परत येऊन बसलं की तोच आवाज मीटिंगला जायचा. बेंगळुरूहून सईनं, माझ्या लेकीनं, फोनवर वर्गच घेतला: "आई, रोज वापरायचाय ना? मग दिसण्यावर जाऊ नको. वजन बघ, चष्म्याच्या काडीवर दाब येतो का बघ, माइक बघ, आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला पाहिजे, म्हणजे तू ओरडणार नाहीस." एवढा विचार मी तिच्या बापाशी लग्न करतानाही केला नव्हता.

तर त्या दुकानात मी आधी कानात खुपसायचे बघितले. ते खुपसले की कापूस घातलेल्या आजारी माणसासारखं वाटायला लागलं आणि डावा टपकन काउंटरवर पडला. मग गळ्यात अडकवायचा बघितला, आपल्याकडं निम्मं गाव दुचाकीवर जो घालून फिरतं तो. तो बरा होता, पण माझ्या मंगळसूत्रात गुंतला. "ह्याला मंगळसूत्राचा प्रॉब्लेम कायमच हाय," आदिनाथ म्हणाला, जसं काही तो मुद्दा डब्यावरच छापलेला असावा. आणि मग त्यानं हा मोठा काढला, अख्खा कान झाकणारा. मला खरं तर तो नको होता. आरशात बघितलं तर मी विमान उडवायला निघाल्यासारखी दिसत होते. पण आता तो काढवेना. मी त्याला म्हटलं, "तुम्ही बोला की काहीतरी. काहीही बोला." तो बिचारा गोंधळला. "काय बोलू?" "हे दुकान कधी टाकलं ते सांगा." तो सांगायला लागला, की आधी वडलांचं घड्याळदुरुस्तीचं होतं, मग मोबाइल आले, मग लोक घड्याळं घालायचे बंद झाले; आणि मी त्याच्या ओठांकडं बघत उभी राहिले. सगळंच कळत होतं असं नाही. अर्धं ओठांवरून, अर्धं गालांच्या हालचालीवरून, बाकीचं अंदाजानं. पण कळत होतं. डोक्यात खाड खाड चालू होतं, आणि त्या खाड खाडमधून मला एकदम तेलाचा वास आला. मशीनचं तेल, सुताची पूड आणि बायकांच्या अंबाड्यातल्या शेवंतीचा वास.

आमचा माग होता. आमचा म्हणजे मालकाचा. सोलापूरच्या पूर्व भागात पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलचे माग होते, अप्पा आणि अव्वा दोघंही त्यांवर कामाला होते आणि आम्ही शेडच्या मागच्या खोलीत राहायचो. शाळा सुटली की मी आणि माझा थोरला भाऊ सिद्धलिंग, म्हणजे आमचा अण्णा, दप्तर टाकून शेडमध्येच. माग चालू असताना तिथं किती आवाज असतो ते सांगून कळायचं नाही. सुताचा धोटा इकडून तिकडं फेकला जातो, तिकडून इकडं, आणि असे कितीतरी एकदम. छातीत हादरे बसतात. तिथं ओरडून उपयोगच नसतो, म्हणून तिथं कुणी ओरडत नव्हतं. हे किती वर्षांनी आठवलं मला! तिथं सगळे हळू, खरं तर बिनआवाजाचं बोलायचे. ओठ मोठे मोठे, ठसठशीत हलवायचे, समोरच्याकडं तोंड करून, आणि समोरचा शेडच्या त्या टोकाला उभा असला तरी त्याला कळायचं. अव्वाचं माहेर अक्कलकोटकडचं, कानडी. शेजारच्या मागावरची बाई तेलुगू, सुताच्या कांड्या भरणारी शरणम्मा तिसरंच काहीतरी मिसळून बोलायची. पण आवाजच नाही म्हटल्यावर भांडण कशाचं? ओठांवर सगळ्यांची एकच भाषा झाली होती. त्याला हातांची जोड. मूठ ओठाशी नेली की चहा. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटलाय, लक्ष कुठंय तुझं. आणि नाकाच्या शेंड्यावरून बोट वर, चष्म्याच्या जागेपर्यंत सरकवलं, की मालक आला. कारण मालकाचा चष्मा घामानं सारखा घसरायचा. ही खूण एका टोकाकडून निघाली की वारं सुटल्यागत दुसऱ्या टोकाला पोचायची आणि सगळ्या माना खाली. वीज गेली की मात्र मजा. एकदम शांत व्हायचं, आणि तरी थोडा वेळ सगळे तसेच, बिनआवाजाचे, बोलत राहायचे. मग कुणाला तरी हसू फुटायचं.

मी ह्या सगळ्याचं पुढं काय केलं? काहीच केलं नाही. शेड बंद पडली, अण्णा हॉस्टेलला गेला, अप्पा वॉचमन झाले, आम्ही भाड्याच्या खोलीत आलो, मी कॉलेजात गेले. पोहता येणाऱ्या माणसानं विहीर नसलेल्या गावाला राहायला जावं, तसं ते राहून गेलं. आदिनाथ आता बोलायचं थांबला होता आणि माझ्याकडं काळजीनं बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं म्हणे. "मॅडम, आवाज कमी करू का?" मी म्हटलं, "नको. हाच द्या." "माइक चेक केला न्हाय अजून." "मसणात गेला माइक," मी म्हटलं, बहुतेक फारच मोठ्यानं, कारण मागं उभं असलेलं गिऱ्हाईक दोन पावलं सरकलं.

पैसे दिले, तो माझ्या मोबाइलला जोडून घेतला, आणि घालूनच मी बाहेर आले आणि चौकाच्या कडेला, उसाच्या रसवाल्याच्या सावलीत उभी राहिले. लहान मुलाला नवा भोवरा मिळावा तसं झालं होतं. गाणं बंद केलं, ठेका तेवढा शोधून लावला. समोरून स्कूटरवर एक जोडपं सिग्नलला थांबलं, बाई मागून बोलत होती, "तुमच्या आईला सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?" आणि नवऱ्याला हेल्मेटमुळं काही ऐकू जात नव्हतं, किंवा जात होतं. रसवाला फोनवर कुणाला तरी "निघालोच, निघालोच" म्हणत होता आणि जागचा हलत नव्हता. मला हसू आवरेना. अख्खं गाव माझ्यासमोर उघडं पडलं होतं आणि कुणाला पत्ताही नव्हता. आणि मग असंच बघता बघता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि हसू तिथंच थांबलं. रसवाला फोन दुसऱ्या कानाला लावायला पाठमोरा झाला, आणि त्याचं बोलणं बंद झालं. माझ्यासाठी बंद झालं. तोंड दिसेना, संपलं.

आम्ही अव्वाच्या कानाशी जाऊन ओरडतो. कानाशी, म्हणजे बाजूला. तिला आमचं तोंडच दिसत नाही.

मी रिक्षात बसले ती डोकं धरूनच. कारण हे नुसतं नवल नव्हतं. रविवारी अण्णा पुण्याहून येणार होता, आणि कशाला येणार होता ते मला माहीत होतं. त्याच्या मते अव्वाला आता समजत नाही. बार्शी रोडला अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारं एक घर निघालंय, तिथं त्यानं जागा बोलून ठेवली होती, आणि ह्या रविवारी तिला नेऊन सोडायचं चाललं होतं. तो वाईट नाही. तो व्हिडिओ कॉल करतो, पण मोबाइल असा धरतो की त्याचं नुसतं कपाळ आणि पंखा दिसतो, कपाळ ओरडतं, "अव्वाऽऽ, बरी आहेस काऽऽ" आणि अव्वा पंख्याकडं बघून म्हणते, "ऊन लई हाय." मग तो मला म्हणतो, बघितलंस? कानाचं मशीन आणलं होतं. ते घातल्यावर ती म्हणाली, डोक्यात माग सुरू झाले, आणि डब्यात ठेवून दिलं. कान पार जायच्या आधी, टीव्हीवर परभाषेतून मराठीत डब केलेल्या मालिका लागल्या की ती चिडायची. "ही बाई खोटं बोलतीय, बंद कर," म्हणायची. डॉक्टरांना अण्णानं हेच पहिलं सांगितलं होतं, की तिला संशय येतात, टीव्हीतली माणसं खोटं बोलतात म्हणते. रिक्षात मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, त्या बाईचे ओठ एक बोलत होते आणि आवाज दुसरंच! खोटंच बोलत होती ती! आणि शेवटची गोष्ट, जिनं मीही हात टेकले होते. गेल्या वर्षापासून अव्वा बोलायची जवळजवळ थांबलीय. चुकून एखादं वाक्य. नाहीतर दिवसभर खुर्चीत बसून आपल्याकडं टक लावून बघते आणि पुटपुटते. आवाज नाही, नुसते ओठ. शेजारणी म्हणतात, जप करतात हो. अण्णा म्हणतो, एकटीच बडबडते, पुढची पायरी आहे ती. मी म्हणायचे, असू दे, तिला करमतंय ना. आणि तोंड फिरवून कामाला लागायचे, कारण खरं सांगायचं तर ते बघवायचं नाही.

रिक्षावाल्याला मी दोनदा चुकीचं वळण सांगितलं.

घरी आले तेव्हा अव्वा बाल्कनीच्या दाराशी तिच्या खुर्चीत होती. मी चप्पल काढली, हेडफोन घातला, ठेका लावला आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. इतकी समोर मी तिच्या कधी बसले होते कुणास ठाऊक. तिनं हेडफोनकडं बघितलं, भुवया वर केल्या, आणि पुटपुटायला लागली. मी ओठांकडं बघितलं. आधी काहीच लागेना. दात नाहीत तिला पुढचे, त्यामुळं काही अक्षरं पडून गेली होती. मनात आलं, नाहीच निघालं काही तर? जपच निघाला तर? मग एक शब्द लागला. "डोस्क्यावर." मग सगळंच सरळ झालं. "डोस्क्यावर काय घातलंयस त्ये? कढई हाय का?"

मी आवाज न काढता, ओठ मोठे करून म्हटलं, "हेडफोन आहे, अव्वा."

तिचा चेहरा मी काय सांगू. ती हसली नाही, रडली नाही. तिनं दोन्ही हात पुढं करून माझी हनुवटी धरली, दिवा नीट करावा तशी उजेडाकडं वळवली, आणि बोलायला लागली. किती बोलली! शेजारच्या गॅलरीतल्या बाईनं तुळशीला पाणी जास्त घातलं, मरणार ती तुळस. सई वाळलीय. तुझा नवरा शनिवारी बार्शीहून येतो तवा गप गप असतो, त्याला विचार की काय झालंय. भाजीत मीठ कमी घालतीस तू, मी रोज सांगते. आणि ओरडतीस किती गं, शिरा फुगतात गळ्याच्या, मला बघवत न्हाय. मी मधेच विचारलं, "आवाज का काढत नाहीस?" ती म्हणाली, "मला माझा आवाज येत न्हाय. किती मोठा निघतोय कळत न्हाय. वरडल्यागत हुतंय का, काय की. मग म्हटलं, आपलं मागावरचं बोलावं. तुला तर येतंय ते." तिनं माझी हनुवटी आणखी जरा वर केली. "तू बघतच न्हवतीस." रागानं नाही, मीठ कमी आहे म्हणावं तसंच म्हणाली. मला मात्र फार लागलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, तर तिनं लगेच वर उचललं. डोकं खाली गेलं की बोलणं बंद पडतं ना.

अण्णाला मी फोनवर काही सांगितलं नाही. सांगून त्यानं ऐकलं नसतं. तो इंजिनियर आहे. आणि माझी मला भीती होती, की हे आम्हा दोघींचंच काहीतरी वेड ठरेल. त्या शनिवारी नवरा कामामुळं बार्शीलाच राहिला, आणि मी दिवसभर इंटरनेटवर यंत्रमागांचे व्हिडिओ शोधत होते. बरेच मिळाले. काही नवे, गुळगुळीत आवाजाचे, ते नकोत. शेवटी एक मिळाला, पत्र्याच्या शेडमधला, कुठल्या गावचा कुणास ठाऊक, पण तोच आवाज. मी एकदाच ऐकला आणि बंद केला.

रविवारी उन्हं चढल्यावर अण्णाची गाडी खाली लागली. तो जिना चढताना अव्वाला गॅलरीतून दिसला असावा, कारण मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर ती माझ्याकडं बघत होती. तिनं बोट नाकाच्या शेंड्यावर ठेवलं आणि हळूच वर सरकवलं. मालक आला! मला असं हसू फुटलं की अण्णा आत आला तेव्हा मी पदरात तोंड घालून उभी होते. तो घामाघूम झालेला, चष्मा खरंच घसरलेला. "हसतेस काय? तिची बॅग भरलीस का?" मी म्हटलं, "आधी बस." "दाक्षा, हे बघ, मला पण हौस नाही..." "अण्णा, तू बस. तिच्यासमोर बस." तो स्टुलावर बसला, आणि सवयीनं वाकून तिच्या कानाकडं जायला निघाला. मी त्याला खांद्याला धरून सरळ केलं आणि मागून हेडफोन त्याच्या कानांवर चढवला. "अगं काय चाललंय..." मी मोबाइलवर तो मागाचा व्हिडिओ लावला.

तो तसाच थांबला. माझ्यापर्यंत आवाज येत नव्हता, पण त्याच्या पाठीवरून मला कळलं. पाठ आधी ताठ झाली आणि मग खांदे हळूहळू खाली आले. आम्ही शेडमध्ये होतो तेव्हा तो काही विसरून जाण्याएवढा लहान नव्हता. अव्वा माग सोडून त्याच्याशी बोलू शकायची नाही म्हणून तो तिच्यासमोर सुताच्या गठ्ठ्यावर बसून पाढे म्हणायचा, बिनआवाजाचे, आणि ती धोट्यावर नजर ठेवून चुकलं की मान हलवायची. मी बघितलंय ते.

अव्वानं त्याच्याकडं नीट बघितलं. चष्मा तिनंच वर सरकवला त्याचा. मग तिचे ओठ हलले. जेवणाचं ती कायम कानडीतच विचारायची, बाकी सगळं मराठीत. "ऊटा आतेनु?" जेवलास का?

मी पदर हातात घट्ट धरून उभी होते. बार्शी रोडचं ते घर, तिथली बोलून ठेवलेली जागा, सगळं त्या एका क्षणावर येऊन टेकलं होतं आणि मला माझ्या भावाची नुसती पाठ दिसत होती. त्याचं तोंड अव्वाला तेवढं दिसत होतं. तो काही बोलला. आवाज आला नाही. खरंच, एवढासाही आला नाही.

अव्वानं मान डोलावली, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली, आणि माझ्या जवळून स्वयंपाकघराकडं जाता जाता ओठांनीच मला म्हणाली, "दोन भाकऱ्या जास्त टाक. न्हाय जेवला म्हणतोय."

अण्णा संध्याकाळपर्यंत तिच्यासमोर बसून होता. बॅगेचं कुणीच काही काढलं नाही. तो निघून गेल्यावर बघते तर हेडफोन जागेवर नाही, अण्णाच घेऊन गेला होता. सोमवारच्या मीटिंगला मी तशीच बसले. सुबोध म्हणाला, "मॅडम, आज तुमचा आवाज अगदी हळू येतोय, बरं नाही का?" मी म्हटलं, "बरी आहे की." समोर गॅलरीच्या दाराशी अव्वा बसली होती, तिनं मूठ ओठाशी नेली. मी माइक बंद न करताच तिला म्हटलं, "थांब, आणते," आणि मीटिंगमधल्या कुणालाही ते ऐकू गेलं नाही.